वडील गेले, घर गेलं, लिखाण थांबलं. तरी जेन ऑस्टिननं पुन्हा उभं राहण्याच्या प्रेमकथा कशा लिहिल्या?

पुस्तकांचं कुठलंही ॲप उघडा, एक गोष्ट वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली सापडतेच. शहरात राहणारी एक बाई असते. नवरा वारलेला असतो, नाहीतर लग्न मोडलेलं असतं. ती बॅगा भरते आणि एका लहानशा गावात येते. तिथे आत्यानं मागे ठेवलेलं जुनं घर असतं, किंवा बंद पडलेली बेकरी. शेजारीपाजारी आधी नको तेवढ्या चौकशा करतात, मग खायला काहीबाही घेऊन दारात येतात. गावात एक अबोल माणूस असतो, त्याचंही काहीतरी हरवलेलं असतं. पुढे काय होणार हे वाचणाऱ्याला दहाव्या पानावरच कळतं.

तरीही या कादंबऱ्या खपतात, आणि एक संपली की माणसं दुसरी घेतात. शेवट आधीच माहीत असलेली गोष्ट लोक पुन्हा पुन्हा का वाचतात?

याचं उत्तर शोधायचं तर दोनशे वर्षं मागे, इंग्लंडच्या हॅम्पशायर भागातल्या एका खेड्यात जावं लागतं. तिथे एक बाई राहायची. तिनं लग्न केलं नाही, तिच्या नावावर घर नव्हतं आणि तिच्या हयातीत तिच्या एकाही पुस्तकावर तिचं नाव छापलं गेलं नाही. तिचं नाव जेन ऑस्टिन.

पाद्र्याच्या घरातली सातवी

जेनचा जन्म १६ डिसेंबर १७७५ चा, स्टीव्हंटन गावातला. वडील जॉर्ज ऑस्टिन गावच्या चर्चचे पाद्री. आठ भावंडं, त्यात सहा मुलगे आणि दोनच मुली. मोठी कॅसँड्रा आणि तिच्यापेक्षा जवळपास तीन वर्षांनी लहान जेन. या दोघी शेवटपर्यंत एकमेकींना धरून राहिल्या.

घरात पैसा बेताचा होता. वडील घरीच मुलांची शिकवणी घ्यायचे, काही विद्यार्थी तिथेच राहायचे. पण पुस्तकं भरपूर होती आणि जेनला ती वाचायला मोकळीक होती. बारा-तेरा वर्षांची असल्यापासून ती घरच्यांना हसवायला गोष्टी लिहायची.

विशीत तिनं तीन कादंबऱ्या हातावेगळ्या केल्या. त्यातली एक म्हणजे पुढची 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. १७९७ मध्ये वडिलांनी लंडनच्या एका प्रकाशकाला पत्र लिहून मुलीच्या कादंबरीबद्दल विचारलं. प्रकाशकानं हस्तलिखित बघायलाही नकार दिला.

त्याच वर्षी घरात पहिला मोठा घाव बसला. कॅसँड्राचं लग्न टॉम फाउल नावाच्या तरुण पाद्र्याशी ठरलं होतं. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबायचं ठरलं, म्हणून तो एका सैन्य मोहिमेबरोबर वेस्ट इंडीजला गेला. तिथे पिवळ्या तापानं त्याचा मृत्यू झाला. घरी लग्नाची तयारी सुरू असताना ही बातमी पोहोचली. कॅसँड्रानं त्यानंतर कधीच लग्न केलं नाही. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या बाईचे दिवस कसे जातात, हे जेननं रोज एकाच खोलीत राहून पाहिलं.

आधी कादंबरीत लिहिलं, मग स्वतःवर आलं

'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' या कादंबरीची सुरुवात एका मृत्यूनं होते. डॅशवूड घराण्यातले वडील वारतात. इस्टेट पहिल्या बायकोच्या मुलाकडे जाते. सावत्र आई आणि बहिणींना मदत करीन असा शब्द त्यानं वडिलांना दिलेला असतो. पण बायकोशी बोलता बोलता मदतीचा आकडा खाली खाली येत शून्यावर पोहोचतो. स्वतःच्याच घरात पाहुण्यासारख्या झालेल्या आई आणि तीन मुली शेवटी एका नातेवाइकाच्या लहानशा घरात, अनोळखी गावात राहायला जातात. तिथून त्यांचं नवं आयुष्य सुरू होतं.

गंमत अशी की या कादंबरीचा पहिला खर्डा जेननं १७९५ च्या आसपास लिहिला. तेव्हा तिचे वडील हयात होते, घर डोक्यावर होतं. पुढे काय वाढून ठेवलंय याची तिला कल्पनाही नव्हती.

१८०० च्या अखेरीस वडिलांनी निवृत्त होऊन बाथ शहरात जायचं ठरवलं. जेनला हे कळलं तेव्हा ती बेशुद्ध पडली, अशी आठवण तिच्या घराण्यात सांगितली जायची. ती खरी असो वा नसो, पुढे जे झालं ते नोंदलेलं आहे. वडिलांची पुस्तकं विकली गेली, जेनचा पियानो विकला गेला. थोरला भाऊ जेम्स आता गावचं चर्च बघणार होता, त्यामुळे तो बायकोसह त्याच घरात राहायला आला. पंचवीस वर्षं जिथे काढली, ते घर जेनच्या डोळ्यांदेखत भाऊ-भावजयीचं झालं.

बाथमध्ये भाड्याची घरं होती, सतत ये-जा होती. १८०२ च्या डिसेंबरमध्ये तिला एक संधी आली. ओळखीच्या घरातल्या हॅरिस बिग-विदरनं लग्नाची मागणी घातली. तो मोठ्या इस्टेटीचा वारस होता. होकार दिला असता तर जेनला हक्काचं घर मिळालं असतं, म्हाताऱ्या आईवडिलांची आणि कॅसँड्राची सोय झाली असती. संध्याकाळी तिनं होकार दिला. रात्र गेली आणि सकाळी तिनं तो परत घेतला.

तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होत होती. त्या काळच्या हिशोबानं लग्नाचं वय सरत आलेलं. असा नकार देणं म्हणजे पुढचं सगळं आयुष्य भावांच्या भरवशावर सोपवणं होतं, आणि हे तिला पुरतं माहीत होतं.

२१ जानेवारी १८०५ ला वडील वारले. त्यांचं उत्पन्न त्यांच्याबरोबरच थांबलं. आईचं आणि कॅसँड्राचं थोडंफार व्याज यायचं, जेनचं काहीच नव्हतं. भावांनी दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायचं कबूल केलं. डॅशवूडांच्या मुलापेक्षा हे भाऊ नक्कीच बरे निघाले. पण तीन बायका आता एका भाड्याच्या घरातून दुसऱ्या, आणखी स्वस्त घरात जात राहिल्या. पुढे साउथॅम्प्टनला आरमारात असलेल्या फ्रँक या भावाच्या कुटुंबाबरोबर राहिल्या. कुणाकडे बाळंतपण असलं की या बहिणींपैकी एकीला बोलावणं यायचं.

या सगळ्यात लिखाण जवळपास बंद पडलं. बाथमध्ये सुरू केलेली एक कादंबरी तिनं अर्ध्यात सोडली. दुसरी एक १८०३ मध्ये एका प्रकाशकाला दहा पौंडांना विकली होती, पण त्यानं ती छापलीच नाही. सहा वर्षांनी जेननं खोट्या नावानं त्याला खरमरीत पत्र लिहून जाब विचारला. त्या नावाची आद्याक्षरं जोडली की इंग्रजीत 'मॅड' असा शब्द होतो, म्हणजे डोकं फिरलेली. प्रकाशकाकडून उत्तर आलं की दहा पौंड भरा आणि हस्तलिखित घेऊन जा. ते तिनं तेव्हा घेतलं नाही. सोडवलं ते थेट १८१६ मध्ये. हीच पुढची 'नॉर्थँगर ॲबी'.

चॉटनचं घर

एडवर्ड नावाच्या भावाला लहानपणी श्रीमंत नातेवाइकांनी दत्तक घेतलं होतं. त्याच्याकडे केंट आणि हॅम्पशायरमध्ये मोठी जमीनजायदाद होती. १८०८ मध्ये अकराव्या बाळंतपणानंतर त्याची बायको वारली. त्याच सुमारास त्यानं आई आणि बहिणींना चॉटन गावातलं एक रिकामं घर देऊ केलं.

७ जुलै १८०९ ला त्या तिथे राहायला आल्या. घरात चार बायका होत्या. आई, कॅसँड्रा, जेन आणि मार्था लॉइड. मार्था ही जेनची जुनी मैत्रीण. आई वारल्यावर तिलाही स्वतःचं घर उरलं नव्हतं. वडील गेल्यापासूनच ती ऑस्टिन बायकांबरोबर राहत होती.

घर काही महाल नव्हतं. रस्त्याला इतकं लागून होतं की येणाऱ्या-जाणाऱ्या घोडागाडीतून आत डोकावता यायचं. म्हणून एडवर्डनं दिवाणखान्याची रस्त्याकडची खिडकी बुजवली आणि बागेकडे नवी काढली. दोघी बहिणी एकाच खोलीत झोपायच्या. जेन सकाळी लवकर उठून पियानो वाजवायची. मग सगळ्यांचा नाश्ता करायची आणि चहा-साखरेच्या साठ्याकडे बघायची. तिच्या वाट्याला घरकाम एवढंच होतं. बाकीचं कॅसँड्रा आणि मार्था बघायच्या. स्वयंपाकाच्या कृती मार्था एका वहीत लिहून ठेवायची, ती वही आजही जपलेली आहे.

हे घर त्या नंतरच्या सगळ्या कादंबऱ्यांच्या मुळाशी आहे. आठ वर्षं जिला लिहिता येत नव्हतं, ती इथे एका छोट्याशा लाकडी टेबलापाशी बसून लिहायला लागली. स्थळ आलं नाही की वारसा मिळाला नाही. भाड्याची चिंता मिटली, दिवसाला एक क्रम आला आणि बाकीच्या बायकांनी तिचा वेळ तिला दिला.

सगळ्यात आधी तिनं ती जुनी, वडील वारल्यापासून सुरू होणारी कादंबरी बाहेर काढून दुरुस्त केली. आता तिला त्यातलं प्रत्येक पान अनुभवानं माहीत होतं. १८११ मध्ये 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' छापली गेली. लेखकाच्या नावाच्या जागी एवढंच होतं की हे एका स्त्रीनं लिहिलंय. तोटा झाला तर तो लेखिकेनं सोसायचा, असा करार होता. तोटा झाला नाही, उलट १४० पौंड मिळाले. वयाच्या पस्तिशीनंतर हातात आलेली ही तिची पहिली मोठी कमाई.

मग १८१३ मध्ये 'प्राइड अँड प्रेज्युडिस', १८१४ मध्ये 'मॅन्सफील्ड पार्क' आणि १८१५ च्या अखेरीस 'एमा'. चार वर्षांत चार कादंबऱ्या. चारही कादंबऱ्यांचा जीव गावात आणि आसपासच्या घरांत. मोजकी कुटुंबं, जेवणावळी, नाच आणि चिखलातून पायी फिरणं. देश नेपोलियनशी लढत होता, पण कादंबऱ्यांमध्ये युद्ध दिसतं ते गावात आलेल्या सैनिकांपुरतं.

'पर्सुएशन' : उशिरा मिळालेली दुसरी संधी

या सगळ्यांत गमावण्याबद्दलची सगळ्यात थेट कादंबरी म्हणजे 'पर्सुएशन'. ती १८१५ मध्ये सुरू झाली आणि १८१६ मध्ये पूर्ण झाली. ती लिहीत असतानाच जेनची तब्येत ढासळायला लागली होती. हेन्री या भावाची बँकही त्याच काळात बुडाली आणि घरातल्या बऱ्याच जणांना तोटा झाला.

नायिका ॲन एलियट सत्तावीस वर्षांची आहे. हॅरिसला नकार देताना जेन जवळपास त्याच वयाची होती. ॲनची आई लहानपणीच गेलेली. एकोणीसाव्या वर्षी ती फ्रेडरिक वेंटवर्थ नावाच्या आरमारी अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते. त्याच्याकडे पैसा नाही, म्हणून आईसारखी असलेली एक बाई तिला लग्न मोडायला लावते. आठ वर्षं जातात. वडील उधळेपणानं कर्जात बुडतात आणि राहतं घर भाड्यानं द्यायची वेळ येते. त्या घरात राहायला येणारी भाडेकरीण निघते नेमकी वेंटवर्थची बहीण. मग तो स्वतःही येतो. आता तो श्रीमंत आहे आणि ॲनवर अजून रागावलेला आहे.

कथेला वळण मिळतं ते लाइम नावाच्या समुद्रकाठच्या लहान गावात. जेन १८०४ मध्ये आईवडिलांबरोबर तिथे गेली होती. पुढच्याच जानेवारीत वडील वारले, म्हणजे त्यांच्याबरोबरचा तो शेवटचा उन्हाळा होता.

कादंबरीतल्या लाइममध्ये कॅप्टन हार्विल राहतो. तो युद्धात जखमी झालाय, घर एवढंसं आहे. पण तो सतत काहीतरी करत असतो. फळ्या ठोकतो, मुलांसाठी खेळणी बनवतो, जाळी विणतो. त्याच्याकडे बेनविक हा मित्र राहतो. त्याचं हार्विलच्या बहिणीशी लग्न ठरलं होतं. तो समुद्रावर असताना ती वारली. टॉम फाउलच्या गोष्टीची ही उलटी बाजू. इथे मुलगी गेली आणि माणूस मागे राहिला. बेनविक दिवसभर दुःखी कविता वाचत बसतो. ॲन त्याची विचारपूस करते आणि जरा गद्यही वाचत जा, असा सल्ला देते. स्वतः आठ वर्षं झुरत असलेली बाई दुसऱ्याला हे सांगतेय, याचं तिलाही मनातून हसू येतं.

आणि मग बेनविक काही महिन्यांतच दुसऱ्या मुलीच्या प्रेमात पडतो. हार्विलला याचं वाईट वाटतं. बहिणीला इतक्या लवकर विसरला, म्हणून. ॲनला मात्र वाटतं की त्याच्यासारख्या माणसाला कुणीतरी हवंच होतं. जेन दोघांनाही चूक ठरवत नाही. माणूस गेल्यावर किती दिवस थांबायचं, याचं एकच उत्तर तिच्याकडे नाही.

या कादंबरीचा शेवट जेननं दोनदा लिहिला. पहिल्या खर्ड्यात ॲन आणि वेंटवर्थ एका दिवाणखान्यात जरा अवघडलेल्या प्रसंगातून एकत्र येतात. ते तिला पटेना. आजारी असूनही तिनं तो भाग काढून नवीन लिहिला. नव्या शेवटात ॲन हार्विलशी बोलतेय. आशा संपल्यावरही कोण जास्त काळ प्रेम करत राहतं, पुरुष की बाई, यावर दोघांची चर्चा चाललीय. वेंटवर्थ त्याच खोलीत बसून पत्र लिहितोय आणि ते ऐकतोय. तो ॲनलाच पत्र लिहितो आणि तिच्यापुढे ठेवून निघून जातो. काढून टाकलेल्या त्या जुन्या प्रकरणांची हस्तलिखित पानं आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिच्या पूर्ण झालेल्या कादंबऱ्यांपैकी हस्ताक्षरात उरलेली तेवढीच पानं.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की ॲनला जुनं घर परत मिळत नाही. गेलेली आठ वर्षंही मिळत नाहीत. ती एका खलाशाशी लग्न करते, आणि पुन्हा युद्ध पेटलं तर काय ही भीती कायमची तिच्याबरोबर राहते.

मागे राहिलेल्या बायका

१८१७ च्या जानेवारीत जेननं आणखी एक कादंबरी सुरू केली. मार्चमध्ये ती अर्धवट ठेवावी लागली. मे महिन्यात उपचारांसाठी कॅसँड्रा तिला विंचेस्टरला घेऊन गेली. आजार नेमका कोणता होता, यावर आजही एकमत नाही. १८ जुलै १८१७ च्या पहाटे जेन गेली. वय ४१.

तिला विंचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये पुरलं. त्या काळच्या रीतीप्रमाणे बायका अंत्यविधीला गेल्या नाहीत. कॅसँड्रा खिडकीतून बघत राहिली. थडग्यावरच्या दगडावर तिच्या स्वभावाचं आणि बुद्धीचं कौतुक आहे, पण तिनं पुस्तकं लिहिली याचा उल्लेख नाही. 'पर्सुएशन' आणि 'नॉर्थँगर ॲबी' त्याच वर्षाच्या शेवटी एकत्र छापल्या गेल्या. सोबत हेन्रीनं लिहिलेली ओळख होती आणि त्यातून लेखिकेचं नाव वाचकांना कळलं.

कॅसँड्रानं बहिणीची बरीच पत्रं पुढे जाळून टाकली. ती १८४५ पर्यंत जगली.

आणि मार्था? स्वतःचं घर नसलेली ती मैत्रीण? १८२३ मध्ये फ्रँक ऑस्टिनची बायको वारली. १८२८ मध्ये फ्रँकनं मार्थाशी लग्न केलं. तेव्हा मार्थानं साठी ओलांडली होती. जेन ती गोष्ट बघायला नव्हती. असती तर तिनं नक्कीच काहीतरी खोडसाळ लिहिलं असतं.

सैनिकांच्या हातात जेन

शंभर वर्षांनी या गावातल्या गोष्टी अगदी अनपेक्षित हातांत गेल्या. रुडयार्ड किपलिंग हा आपल्या मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेला लेखक. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या लूसच्या लढाईत त्याचा अठरा वर्षांचा मुलगा जॉन बेपत्ता झाला. किपलिंगच्या हयातीत त्याचा मृतदेह सापडला नाही. त्या काळात घरात किपलिंग बायको आणि मुलीला जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या मोठ्यानं वाचून दाखवायचा. पुढे १९२४ मध्ये त्यानं 'द जेनाइट्स' ही कथा प्रसिद्ध केली. खंदकात जेनच्या कादंबऱ्यांवर जीव टाकणारे तोफखान्यातले सैनिक त्यात आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या अखेरीस, न्यूमोनियानं आजारी पडलेल्या विन्स्टन चर्चिलनंही मुलीकडून 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचून घेतली होती.

मुलगा गमावलेल्या बापाला नाच, चहा आणि लग्नाच्या गोष्टी का हव्या असाव्यात? त्यात दुःख नाही म्हणून, असं सहज वाटू शकतं. पण त्यात दुःख आहेच. वारलेले वडील आहेत, गेलेलं घर आहे, मोडलेलं लग्न आहे, विधवा होऊन अंथरुणाला खिळलेली मैत्रीण आहे. जेन एवढंच करते की त्या दुःखापाशी गोष्ट थांबवत नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी भेटायला येतं, पाऊस थांबला की फिरायला जायचं असतं, महिन्याचा खर्च किती ते ठरवायचं असतं. मोठं शहर माणसाला विसरून जातं, पण लहान गावात सकाळी दार उघडलं नाही तर शेजारीण विचारायला येते. प्रेम या सगळ्यानंतर येतं, आणि तेही बऱ्याचदा उशिरा.

आजच्या कादंबऱ्यांतली बेकरी, आत्याचं घर आणि चौकस शेजारी हेच काम करतात. वाचणाऱ्याला शेवट माहीत असतो, त्याला तिथपर्यंतची वाट पुन्हा एकदा चालायची असते.

जेनच्या स्वतःच्या वाट्याला वेंटवर्थचं पत्र आलं नाही. तिला मिळालं ते भावाचं घर, तीन बायकांची सोबत आणि आठ वर्षं. तेवढ्यात तिनं सहा कादंबऱ्या मार्गी लावल्या. चॉटनचं ते घर आता संग्रहालय आहे आणि ते छोटं टेबलही तिथेच आहे. या गोष्टींची सुरुवात कुठून करावी असा प्रश्न पडला असेल, तर 'प्राइड अँड प्रेज्युडिस' थोडी बाजूला ठेवून आधी 'पर्सुएशन' घ्या. ती तशी छोटीच आहे.